न उघडलेला पंख

तळेगाव-चाकण पट्ट्यात, देहूपासून फार लांब नाही, असे सुदुंबरे हे मावळातले गाव. महाराष्ट्र या गावाला संताजी महाराज जगनाडे यांच्या समाधीमुळे ओळखतो. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक, व्यवसायाने तेली, आणि तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारा माणूस. अलीकडच्या काळात गावाला आणखी दोन ओळखी मिळाल्या. इथे अभियांत्रिकी महाविद्यालय आले आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या पाचव्या बटालियनचा तळ आला. २०१४ साली माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले तेव्हा ढिगारा उपसायला याच बटालियनचे जवान गेले होते.

माझी भाची या परिसरातल्याच एका महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी तिने विषय निवडला तो असा: लहान उपग्रहासाठी घडी घालून ठेवता येईल आणि वर गेल्यावर उघडेल अशी, कागदासारखी पातळ सौरपट्टी. महिन्याभरापूर्वी ती घरी आली ती तोंड पाडूनच. म्हणाली, "मामू, सर म्हणतात विषय चांगला आहे, पण उघडणारं काही घेऊ नकोस. उघडलं नाही तर सगळंच गेलं." मला आधी त्या सरांचा रागच आला. मुलींनी काही धाडसाचे करायला घेतले की असे सल्ले हमखास मिळतात, असे वाटले. मग मी या विषयाचा इतिहास वाचायला बसलो आणि राग हळूहळू उतरला. सरांच्या भीतीला साठ वर्षांहून मोठा इतिहास आहे, आणि त्याची काही पाने आपल्याच देशात लिहिली गेली आहेत.

विज्ञानाच्या इतिहासावर लिहायचे म्हटले की आपल्यातले बरेचजण इब्न अल-हैसमपासून सुरुवात करतात. त्या थोर माणसाबद्दल मला आदर आहे. पण प्रत्येक लेखाच्या दारात त्याला उभे करणे मला पटत नाही. हा इतिहास १९५८ पासून सुरू होतो.

तेल संपले की दिवा विझतो

१७ मार्च १९५८ रोजी अमेरिकेने व्हॅनगार्ड-१ हा उपग्रह सोडला. साडेसोळा सेंटिमीटर व्यासाचा गोळा, वजन दीड किलोच्या आत. रशियाच्या ख्रुश्चेव्ह यांनी त्याला फळाची उपमा देऊन त्याची थट्टा केली होती. पण या गोळ्यात दोन वेगवेगळे संदेशयंत्र होते. एक बॅटरीवर चालणारे आणि दुसरे अंगावर बसवलेल्या सहा सौरघटांवर. बॅटरीवरचे यंत्र जूनमध्ये गप्प झाले. सूर्यावर चालणारे १९६४ पर्यंत बोलत राहिले. गोळा मुका होऊन आजही पृथ्वीभोवती फिरतो आहे.

तेल्याच्या घाण्याशेजारी वाढलेल्या माणसाला यातला फरक समजावून सांगावा लागत नाही. बॅटरी म्हणजे दिव्यातले तेल. जेवढे भरून दिले तेवढेच. सौरघट म्हणजे तेलाची चिंताच मिटली. बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा सौरघट १९५४ साली जगापुढे आणला, तेव्हा तो अंगावर पडलेल्या प्रकाशाच्या केवळ सहा टक्के वीज करत असे. जमिनीवर त्याला कोण विचारणार? इथे कोळसा स्वस्त होता. अवकाशात मात्र कोळसा नेता येत नव्हता, म्हणून या महागड्या वस्तूला पहिले खरे गिऱ्हाईक तिथे भेटले.

तेलाची चिंता मिटली तरी जागेची राहिली. पृथ्वीजवळच्या अवकाशात एक चौरस मीटर जागेवर सुमारे १,३६१ वॉट सूर्यप्रकाश पडतो. आज विद्यार्थी जे छोटे उपग्रह बनवतात, ते १९९९ साली अमेरिकेतल्या दोन प्राध्यापकांनी, जॉर्डी पुइग-सुआरी आणि बॉब ट्विग्ज यांनी, ठरवलेल्या मापाचे असतात: दहा सेंटिमीटर बाजूचा घन. त्याची एक बाजू म्हणजे चौरस मीटरचा शंभरावा भाग. तिच्यावर ऊन पडणार साडेतेरा वॉट. अत्यंत महागडा, चांगला घट त्यातला तीस टक्क्यांच्या आसपास वीज करतो. त्यातही घटांना सगळी जागा मिळत नाही, ऊन सरळ पडत नाही, आणि दीड तासाच्या प्रत्येक फेरीत अर्ध्या तासाहून जास्त काळ उपग्रह पृथ्वीच्या सावलीत असतो. सगळा हिशेब करून हातात पडतात दोन वॉटच्या आसपास. आपल्या स्वयंपाकघरातला एलईडी दिवासुद्धा नऊ वॉटचा असतो.

या दोन वॉटमध्ये उपग्रहाने स्वतःचा छोटा संगणक चालवायचा, बॅटरी भरायची आणि पाचशे किलोमीटर खाली ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलायचे. वीज कमी असेल तर आवाज बारीक होतो आणि एका खेपेत थोडेच सांगून होते. माळीणसारख्या ठिकाणी, जिथे दरड कोसळल्यावर मोबाइलचा मनोरा असून नसल्यासारखा होतो, तिथे वरून जाणाऱ्या छोट्या उपग्रहाने निरोप पोचवावा अशी कल्पना असेल, तर हा आवाज किती मोठा हे महत्त्वाचे ठरते. आवाज वाढवायचा तर वीज हवी, वीज हवी तर जागा हवी. आणि अग्निबाणाच्या टोकात जागा नसतेच. म्हणून जाताना घडी, पोचल्यावर पंख. इथून सरांची भीती सुरू होते.

चारपैकी तीन

पंख लावून गेलेला सुरुवातीचा एक उपग्रह म्हणजे अमेरिकेचा एक्सप्लोरर-६, ऑगस्ट १९५९. त्याला वल्ह्यांसारख्या चार सौरपट्ट्या होत्या. वर गेल्यावर तीन नीट उघडल्या, चौथी पूर्ण उघडलीच नाही. ठरवलेल्या विजेच्या जेमतेम ६३ टक्के वीज मिळाली. तरीही कक्षेतून पृथ्वीचे पहिले छायाचित्र याच लंगड्या उपग्रहाने पाठवले.

१४ मे १९७३ रोजी स्कायलॅब हे अमेरिकेचे पहिले अवकाशस्थानक गेले. जातानाच त्याचा एक मोठा सौरपंख उखडून गेला आणि दुसरा धातूच्या एका पट्टीत अडकून बसला. ७ जूनला पीट कॉनरॅड आणि जोसेफ केरविन हे दोन अंतराळवीर बाहेर पडले आणि त्यांनी ती पट्टी लांब दांड्याच्या कात्रीने कापून पंख मोकळा केला. माणूस तिथे होता म्हणून हे जमले. लहान उपग्रहाजवळ कात्री घेऊन कोण जाणार?

आता आपल्याकडे येऊ. १९ जून १९८१ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू तळावरून युरोपच्या एरियन अग्निबाणाने भारताचा 'अ‍ॅपल' उपग्रह नेला. आपल्या शालेय पुस्तकांत आणि समाजमाध्यमांवर त्याचे एकच छायाचित्र फिरत असते: बैलगाडीवर ठेवलेला उपग्रह. ते दाखवून कुणी देशाच्या गरिबीवर हळहळतो, कुणी जिद्दीला सलाम करतो. खरे कारण साधे आहे. अँटेनाची चाचणी घ्यायची होती आणि आजूबाजूला धातू असला की लहरी त्यावर आपटून परततात, मोजमाप बिघडते. लाकडी बैलगाडी हे त्यावरचे स्वस्त आणि अचूक उत्तर होते. अ‍ॅपलला त्याच्या अंतिम कक्षेत ढकलणारी मोटर एसएलव्ही-३ या आपल्या अग्निबाणाच्या चौथ्या टप्प्यावरून बनवली होती. एसएलव्ही-३ चे प्रकल्प संचालक होते ए. पी. जे. अब्दुल कलाम. ही मोटर चोख चालली. उपग्रह १०२ अंश पूर्व रेखांशावर जाऊन उभा राहिला.

फक्त त्याच्या दोन सौरपंखांपैकी एक उघडला नाही.

सहाशे सत्तर किलोचा, देशातला पहिला तीन अक्षांवर स्थिर राहणारा दळणवळण उपग्रह, आणि निम्मा पंख मिटलेला. वीज कमी, त्यातही एका बाजूचे तापमान बिघडलेले. तरीही बंगळूरच्या अभियंत्यांनी तो सव्वादोन वर्षे वापरला. त्यावरून दूरचित्रवाणीचे आणि दूरध्वनीचे प्रयोग केले. कार्यक्रमांमधून या उपग्रहाचे कौतुक होते तेव्हा बैलगाडी दिसते, कलामसाहेब दिसतात, मिटलेला पंख दिसत नाही. मला उलट तोच या गोष्टीतला सर्वांत शिकवणारा भाग वाटतो. आपल्या जलशांत कलामांचे नाव घेतले जाते, आदित्य-एल१ च्या प्रकल्प संचालक निगार शाजी यांचेही आता घेतले जाते. नाव घेऊन टाळ्या वाजल्या की विषय संपतो. त्या माणसांचे आयुष्य बिजागऱ्या, स्प्रिंगा आणि अडकलेल्या वस्तूंचा विचार करण्यात गेले, हे मुलांना कुणी सांगत नाही.

इन्सॅटचे शीड

अ‍ॅपलनंतर दहाच महिन्यांनी, १० एप्रिल १९८२ रोजी, इन्सॅट-१ए गेला. हा उपग्रह अमेरिकेच्या फोर्ड एअरोस्पेसने बनवलेला होता. भारताच्या बाजूने या मालिकेच्या अवकाशभागाचे प्रकल्प संचालक होते प्रमोद काळे, जन्माने पुणेकर. इन्सॅट-१ ची रचना विचित्र होती. त्यात दळणवळणाबरोबर हवामानाचा कॅमेराही होता. कॅमेऱ्याच्या थंडाव्यासाठी उपग्रहाची एक बाजू मोकळ्या, गार आकाशाकडे ठेवावी लागे. म्हणून सौरपंख एकाच बाजूला लावला. पण सूर्यप्रकाशाचाही दाब असतो. अगदी नगण्य, तरी तो रोज, सतत असतो. एकाच बाजूला पंख असेल तर तो दाब उपग्रहाला हळूहळू पिळत नेतो. म्हणून दुसऱ्या बाजूला लांब दांडीच्या टोकाला एक हलके शीड ठेवले होते. तराजूच्या रिकाम्या पारड्यात वजन टाकावे तसे.

इन्सॅट-१ए चे ते शीड उघडले नाही. एक अँटेनाही हट्टाला पेटला होता, तो बऱ्याच खटपटीनंतर उघडला. तोल सांभाळायला इंधन जाळावे लागले. सप्टेंबरमध्ये चंद्र त्याच्या पृथ्वी पाहणाऱ्या संवेदकाच्या नजरेत आला, उपग्रहाची दिशा चुकली, उरलेले इंधन संपले आणि सहा महिन्यांच्या आत तो गेला. चंद्र दिसला की आपण ईद करतो. हसनच्या नियंत्रण केंद्रात त्या रात्री चंद्र कुणालाच नको झाला असेल.

पुढच्या वर्षी ३० ऑगस्टला इन्सॅट-१बी चॅलेंजर या अवकाशयानातून गेला. त्या यानात गाय ब्लुफर्ड होते, अवकाशात जाणारे पहिले आफ्रिकन-अमेरिकन. इन्सॅट-१बी ला यानातून बाहेर सोडण्याचे काम त्यांच्याकडे होते. बाहेर पडला, वर गेला, आणि पुन्हा तेच. सौरपंख उघडेना. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत अमेरिकी आणि भारतीय अभियंते त्याच्या मागे लागले होते. शेवटी तो उघडला. ऑक्टोबरमध्ये इन्सॅट-१बी कामाला लागला आणि १९८४ पासून गावोगाव जे दूरदर्शनचे छोटे प्रक्षेपक उभे राहिले, त्यांच्यामागे हाच उपग्रह होता. आमच्या मोहल्ल्यात एकाच घरात टीव्ही होता आणि रविवारी सगळे तिथे जमत. तो पंख आणखी अडकून राहिला असता तर त्या रविवारांचे काय झाले असते, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते.

सुमारे सव्वादोन वर्षांत तीन उपग्रह, तिघांचेही काही ना काही अडकले. देशातल्या एका पिढीच्या अभियंत्यांच्या मनात 'उघडणारी वस्तू' या शब्दांचा अर्थ काय झाला असेल? तीच भीती शिक्षकांकडून शिक्षकांकडे येत सुदुंबऱ्याच्या वर्गापर्यंत पोचली असावी.

स्वयंमला पंख नव्हते

२२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोटाहून पीएसएलव्ही-सी३४ गेला. एकूण वीस उपग्रह होते. त्यातला एक होता पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला 'स्वयम', एक किलोच्या आसपास वजनाचा. कामाला २००८ मध्ये सुरुवात झाली आणि विद्यार्थ्यांच्या तुकड्यांमागून तुकड्या त्यावर खपल्या. ज्यांनी सुरू केले ते नोकरीला लागले, ज्यांनी संपवले ते सुरुवातीला शाळेत होते. एका ठिकाणचा निरोप साठवून दुसऱ्या ठिकाणी पोचवणे हे त्याचे काम. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयआयटी मुंबईचा दहा किलोचा 'प्रथम' गेला.

दोन्ही उपग्रहांचे सौरघट अंगालाच चिकटवलेले होते. मी सुरुवातीला हे घाबरटपणाचे लक्षण समजत होतो. पण स्वयमची रचना नीट पाहिली की वेगळे कळते. त्यात दिशा सांभाळण्यासाठी मोटर नव्हती. एक कायमचा चुंबक आणि हेलकावे शोषून घेणाऱ्या काही कांड्या होत्या. आपल्या घरातल्या किब्लानुमाची सुई जशी स्वतःच उत्तरेकडे वळते आणि थोडी थरथरून थांबते, तसा हा उपग्रह पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या ओळीत वळे. विजेचा एक थेंबही न वापरता. पण किब्लानुमा सूर्याकडे पाहत नाही. सूर्याकडे तोंड करू न शकणाऱ्या उपग्रहाला मोठा पंख देऊन उपयोग काय? तो पंख निम्मा वेळ उन्हाला पाठ करून राहील. अशा उपग्रहाला सगळ्या बाजूंनी थोडे थोडे घट लावणेच शहाणपणाचे. म्हणजे पुण्याच्या मुलांनी पंख टाळला तो पूर्ण हिशेब करून.

गंमत म्हणजे त्याच अग्निबाणावर, स्वयमच्या शेजारी, एका अमेरिकी कंपनीची 'डव्ह' नावाची बारा कबुतरे होती. साधारण तीस सेंटिमीटर लांबीची, पृथ्वीची छायाचित्रे काढणारी. त्यांना उघडणारे सौरपंख होते आणि सूर्याकडे वळण्यासाठी फिरती चाकेही होती. आठ महिन्यांनी पीएसएलव्ही-सी३७ ने एकाच खेपेत १०४ उपग्रह नेले, त्यातली ८८ कबुतरेच होती. म्हणजे लहान उपग्रहांचे पंख उघडतात, हे आपल्याच अग्निबाणांनी डझनांनी सिद्ध करून दाखवले. फक्त ते पंख आपले नव्हते.

रंगरेज आणि मागावाले

कबुतरांचे पंख ताठ पट्ट्यांचे. ताठ पट्टीची अडचण जाडीची असते. छोटा उपग्रह अग्निबाणात एका डब्यात बसतो आणि त्याची बाजू व डब्याची भिंत यांच्यात काही मिलिमीटरचीच फट असते. त्या फटीत एखादी, फार तर दोन पट्ट्या मावतात. सिलिकॉनची चकती, वर काचेचे आवरण, खाली आधाराचा पत्रा, मग बिजागरी. फट संपली.

म्हणून पातळ थराचे घट. यात सिलिकॉनची चकती कापून घेत नाहीत. प्लॅस्टिकच्या किंवा धातूच्या पापुद्र्यावर वीज करणाऱ्या पदार्थाचा थर चढवतात, एखाद्या मायक्रॉनचा. केसाच्या जाडीचा पन्नासावा-साठावा हिस्सा. १९७६ मध्ये अमेरिकेत आरसीए कंपनीतल्या डेव्हिड कार्लसन आणि ख्रिस्तोफर रॉन्स्की यांनी अस्फटिक सिलिकॉनचा असा घट दाखवला. ऐंशीच्या दशकात तो आपल्या वाण्याच्या गल्ल्यावर येऊन बसला. वरच्या बाजूला काळपट पट्टी असलेला, बॅटरी न लागणारा कॅल्क्युलेटर आठवत असेल. ती पट्टी म्हणजे पातळ थराचा घट.

महाराष्ट्राचा या विद्येशी संबंध जुना आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा पदार्थविज्ञान विभाग पातळ थरांसाठी जगभरच्या संशोधकांना ठाऊक आहे. तिथली खासियत म्हणजे महागडी निर्वात यंत्रे न वापरता, साध्या रसायनांत बुडवून थर चढवणे. काचेची पट्टी एका चंचुपात्रात बुडवायची, धुवायची, दुसऱ्यात बुडवायची, धुवायची. प्रत्येक फेरीला अणूंचा एक नाजूक पदर चढतो. हे वाचताना मला लहानपणी पाहिलेला रंगरेजांचा मोहल्ला आठवला. एका हंडीतून दुसऱ्या हंडीत ओढणी, मध्ये पाण्यात, आणि कितव्या बुडीला रंग उतरला हे सांगणारी अनुभवी नजर. कोल्हापुरातले ते थर अवकाशासाठी नव्हते. पण हात तोच आहे. पुणे विद्यापीठात अस्फटिक सिलिकॉनच्या थरांवर काम झाले, आयआयटी मुंबईत २०१० पासून सौरविजेच्या संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे.

पापुद्र्यावरचा घट आणखी एका कारणाने आपल्या लोकांना ओळखीचा वाटावा. तो गुंडाळीवर बनू शकतो. एका रुळावरून पापुद्रा सुटतो, मधल्या यंत्रात त्यावर थर चढतात, दुसऱ्या रुळावर तो गुंडाळला जातो. मालेगाव किंवा भिवंडीच्या मोमिनाला हे दाखवले तर तो म्हणेल, हे तर थान आहे.

अर्थात फुकट काही मिळत नाही. पातळ घट वीज कमी करतो, म्हणून तेवढ्याच विजेसाठी जास्त जागा लागते. खालच्या कक्षांमध्ये सुटा ऑक्सिजन असतो, तो उघडे प्लॅस्टिक हळूहळू खातो. दिवसातून पंधरा वेळा भाजणारे ऊन आणि गोठवणारी सावली. काचेचे आवरण नाही म्हणून किरणोत्साराचा मारा. आणि सर्वांत मोठी अडचण पुन्हा तीच. पत्रा बिजागरीवर उघडतो. कापड कसे उघडायचे?

चटई, नकाशा, रिहल

हबल दुर्बीण १९९० मध्ये गेली तेव्हा तिचे युरोपात बनलेले सौरपंख चटईसारखे गुंडाळलेले होते. दोन दांड्यांच्या आधाराने ते उलगडले. उलगडले खरे, पण दुर्बीण सावलीतून उन्हात आली की दांड्या तापून वाकत, आणि सगळी दुर्बीण थरथरे. दूरचे तारे पाहणारे यंत्र दिवसातून तीस वेळा शहारत होते. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीर ते पंख बदलायला गेले. एकाची दांडी इतकी वाकली होती की तो परत गुंडाळलाच जाईना. कॅथरिन थॉर्नटन यांनी तो हातात धरला आणि अवकाशात सोडून दिला. हलके असणे आणि भरवशाचे असणे यांत अजून बरेच अंतर होते.

दुसरी वाट जपानमधून आली. कोर्यो मिउरा या अभियंत्याने पातळ पत्र्याची अशी घडी शोधली, की एक कोपरा ओढला की सगळा पत्रा एकाच वेळी दोन्ही दिशांना उलगडतो, आणि ढकलला की मिटतो. साध्या नकाशाला आपण चुकीच्या घडीने फाडतो, या घडीला चूक करायला जागाच नाही. १९९५ मध्ये जपानच्या अवकाशयानावर या घडीच्या सौरपट्टीचा प्रयोग झाला. मला यात आपल्या घरातली रिहल दिसली. कुरआन ठेवण्याची ती लाकडी घडवंची. जुनी रिहल एकाच फळीतून कोरलेली असते, खिळा नाही, बाहेरून लावलेली बिजागरी नाही. मिटली की सपाट फळी, आणि उघडते ती एकाच रीतीने. ज्या सुताराने ती पहिल्यांदा कोरली त्याला माहीत होते की सांधे कमी, तर अडकण्याच्या जागा कमी.

जपाननेच २१ मे २०१० रोजी इकारोस सोडले. वीस मीटर कर्णाचा, साडेसात मायक्रॉन जाडीचा पडदा, आणि त्याच्या काही भागावर पातळ थराचे सौरघट. तो उघडायला दांड्याच नव्हत्या. यान स्वतःभोवती गिरक्या घेत राहिले आणि पडदा घेरदार झग्यासारखा फुलला. इन्सॅटच्या त्या हट्टी शिडाचा हा दूरचा नातेवाईक. इन्सॅटने सूर्यप्रकाशाच्या दाबाशी तोल साधायचा प्रयत्न केला, इकारोसने त्याच दाबावर प्रवास केला. सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी स्वयमनंतरच्या उपग्रहासाठी सौरशिडाचीच कल्पना हाती घेतली, हे विशेष. पहिल्या उपग्रहात पंखही नको म्हणणारी मुले दुसऱ्यात थेट शीड मागतात.

भाचीच्या विषयाच्या सर्वांत जवळचे काम अमेरिकेत, नासाच्या मार्शल केंद्रात झाले. पॉलिमरच्या पातळ पडद्यावर पातळ घट आणि त्याच पडद्यावर अँटेना, असे सगळे एकत्र घडी करून एका लहान उपग्रहात बसवले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये वर पाठवले. एकच पडदा, ऊनही तोच झेलणार आणि बोलणारही तोच. ज्यांना दोन वॉटमध्ये भागवावे लागते त्यांच्यासाठी हा हिशेब मोठा आहे.

हे सगळे मी भाचीला सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे सर बरोबरच म्हणाले. फक्त मला उघडून दाखवायला हवं."

गेल्या रविवारी ती सामान घेऊन आली. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मिळणारी सोनेरी टेप, जी मुळात अवकाशात वापरतात त्याच जातीच्या प्लॅस्टिकची असते. हार्डवेअरच्या दुकानातला पोलादी मेजरिंग टेप, कारण त्याचा वक्र पत्रा वाकवून सोडला की आपोआप सरळ होतो, आणि लहान उपग्रहांच्या अँटेना आणि बिजागऱ्या खरोखरच अशाच पत्र्याच्या करतात. मासे पकडायची नायलॉनची दोरी, तिला जाळणारी तार आणि एक बॅटरी. जमिनीवर पातळ पडदा स्वतःच्याच वजनाने लोंबतो, त्यामुळे अवकाशातली चाचणी इथे करणे कठीण. तिने त्यावर उपाय म्हणून माझा जुना कॅरम बोर्ड काढला, त्यावर बोरिक पावडर टाकली आणि पडदा आडवा ठेवला.

पहिल्यांदा तार तापली, पण दोरी अर्धीच जळली. दुसऱ्यांदा दोरी तुटली, मेजरिंग टेप टणकन सरळ झाला आणि पडद्याचा एक सांधा फाटला. तिसऱ्यांदा पडदा पावडरीवरून सरकत उलगडला. तीन कोपरे सपाट बसले, चौथा मुडपलेलाच राहिला. तिने तो बोटाने सरळ केला नाही. वहीत वेळ लिहिली, 'चौथा कोपरा, आतल्या घडीला' असे लिहिले, फोटो काढला आणि पडदा पुन्हा घडी करायला घेतला.